दादासाहेब खापर्डे आणि वऱ्हाडची खुर्ची

अमेरिकेच्या घटनाकारांनीं सेनेटांत लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोन दोन जागा दिल्या आणि १९१३ पर्यंत त्या भरण्याचा अधिकार सामान्य मतदाराकडे नव्हे, तर त्या त्या राज्याच्या कायदेमंडळाकडे होता. वरिष्ठ सभागृह लोकांच्या हातापासून थोडें उंचावर ठेवण्याची ही युक्ति आपल्याकडे आली ती १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें. 'कौन्सिल ऑफ स्टेट' हें तिचें नांव. सभासद ६०, मुदत पांच वर्षांची, आणि साऱ्या देशांत मिळून मतदार सुमारें १७ हजार! एकट्या नागपूर शहराची वस्ती तेव्हां याच्या कितीतरी पट होती.

या सभागृहांत वऱ्हाडची एक विलक्षण जागा होती. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें, १९०२ मध्यें कर्झननें तें सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें, आणि पुढल्या वर्षीं तें मध्यप्रांताला जोडलें गेलें. पण कायद्याच्या पोथींत मालकी निजामाचीच राहिली. जो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे, त्याचा निवडलेला प्रतिनिधि ब्रिटिश हिंदुस्थानच्या सभेंत बसणार कसा? तोड अशी निघाली कीं, वऱ्हाडी मतदारांनीं माणूस निवडावा आणि गव्हर्नर-जनरलनें त्यालाच 'नेमावा'. लोकांचा प्रतिनिधि असूनहि कागदोपत्रीं सरकारनियुक्त, अशा या खुर्चीवर पहिल्या कौन्सिलांत बसले ते गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे.

त्यांचा जन्म १८५४ चा. १८७७ मध्यें बी. ए., १८८४ मध्यें एल्एल्. बी., मग कांहीं वर्षें वऱ्हाडांतच सरकारी नोकरी, आणि १८९० पासून अमरावतीस वकिली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १९०८ मध्यें टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हां भरभराटीची वकिली टाकून ते त्यांच्या अपिलासाठीं विलायतेस गेले व सुमारें दोन वर्षें तेथेंच राहिले. मित्रासाठीं इतकी पदरमोड करणारे त्या काळांतहि थोडेच. आज मात्र पुष्कळांना खापर्डे आठवतात ते शिर्डीच्या रोजनिशीमुळें. राजकारणी खापर्डे त्या भाविक खापर्ड्यांच्या आड गेले आहेत.

लोकांच्या मनांतून ते उतरले तें १९२० मध्यें. टिळकांची 'प्रतियोगी सहकारिता' म्हणजे मिळेल तें घ्यावें, कौन्सिलांत शिरावें आणि उरलेल्यासाठीं आंत-बाहेर भांडावें. त्या वर्षींच्या एप्रिलांत त्यांनीं काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला तो याच धोरणाचा. १ ऑगस्टला टिळक गेले. सप्टेंबरांत कलकत्त्यास कौन्सिल-बहिष्कार ठरला आणि डिसेंबरांत आमच्या नागपुरांतच असहकारितेवर शिक्कामोर्तब झालें. खापर्डे मात्र जुन्या वाटेनें कौन्सिलांत गेले. जहालांचा हा म्हातारा पुढारी अखेर सरकारला मिळाला, असा जो बोलबाला झाला तो मला अन्यायाचा वाटतो. वाट बदलली होती ती काँग्रेसनें. १९१९ मध्यें रौलट बिलांना सर्व लोकनियुक्त हिंदी सभासदांनीं विरोध केला, त्यांत खापर्डे होतेच. आणि त्या विरोधाला न जुमानतां कायदा मंजूर झाला, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

पण येथेंच त्यांच्याविरुद्धचा खरा मुद्दा निघतो. एवढें पाहिल्यावर त्याहून दुबळ्या सभागृहावर भिस्त कां ठेवावी? १९२३ मध्यें सरकारनें मिठावरील कर मणीं सव्वा रुपयाचा अडीच रुपये करूं घातला. असेंब्लीनें तो नाकारला. व्हाइसरॉयच्या शिफारशीनें बिल वरिष्ठ सभागृहाकडे गेलें आणि तेथें तें मंजूर झालें. असेंब्लीनें पुन्हां नकार दिला, तेव्हां लॉर्ड रीडिंगनें स्वतःच्या अधिकारांत कर बसविला. टिळकांच्या धोरणाला भांडायला मैदान लागतें. या सभागृहांत पहारा सरकारचा होता, आणि वऱ्हाडच्या सभासदाला तर दाराशींच नेमणुकीचा कागद घ्यावा लागे. खापर्ड्यांची निष्ठा खरी. तिला मिळालेली जागा खोटी.

त्याच वर्षीं निजामानें वऱ्हाड परत मागितलें. २७ मार्च १९२६ च्या पत्रानें रीडिंगनें ती मागणी फेटाळली खरी, पण १९३६ च्या करारांत निजामाची नांवाची सत्ता पुन्हां मान्य झाली व त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. १ जुलै १९३८ रोजीं दादासाहेब वारले. त्या दिवशींहि कायद्यानें वऱ्हाड निजामाचेंच होतें, आणि दिल्लीच्या त्या वरिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षस्थानीं नागपूरचे सर माणेकजी दादाभाई होते.