पिशवीतला श्वास आणि कायद्याचा धाक

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध कायदा केला, की अपघातातले मृत्यू कमी होतात का? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधणे सोपे नाही. ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी तिथे रस्ता सुरक्षा कायदा आणला. ९ ऑक्टोबर १९६७ पासून चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हाच गुन्हा ठरला. (आपल्याकडे ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.) पोलिसांच्या हाती आली एक काचेची नळी आणि एक पिशवी. चालकाने नळीतून फुंकून पिशवी फुगवायची. रक्तातले अल्कोहोल फुप्फुसांतल्या हवेत उतरते; त्यामुळे नळीतले पिवळे डायक्रोमेटचे स्फटिक हिरवे होतात. हिरवा रंग खुणेच्या रेषेपलीकडे गेला, की ठाण्यावर पुढची तपासणी.

१९६६ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसे मरण पावली होती. १९६८ साली ६,८१०. मग हे श्रेय कायद्याचेच का? घाई नको. ताशी ७० मैलांची वेगमर्यादाही १९६७ मध्येच कायमची झाली होती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी इथे एक साधी युक्ती योजली. त्यांनी अपघातांची वेळेनुसार विभागणी केली. आठवडाअखेरच्या रात्री, म्हणजे लोक पबमधून घरी परततात तेव्हा, मृत आणि गंभीर जखमींची संख्या सुमारे दोनतृतीयांशाने घसरली होती. पब बंद असतात अशा, कामावर जाण्यायेण्याच्या वेळांत मात्र फारसा फरक नव्हता. वेगमर्यादा तर सर्व वेळी सारखीच होती. तेव्हा रात्रीची ही घट नव्या कायद्यामुळेच झाली, असे म्हणता आले.

पण काही वर्षांतच हा परिणाम ओसरला. कायदा तोच, मर्यादा तीच. मग बिघडले कुठे? वाटेल त्या गाडीला थांबवून तपासण्याची तरतूद मूळ विधेयकात होती, ती विरोधामुळे गाळली गेली. अपघात, नियमभंग किंवा नशेचा संशय असेल तरच तपासणी करता येई. सुरुवातीच्या गाजावाजाने लोकांना धाक बसला. पुढे अनुभवाने कळले, की पकडले जाण्याचा संभव फारसा नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये नेमकी हीच उणीव भरून काढली. रस्त्यावर नाकी लावून, संशय असो वा नसो, मोठ्या प्रमाणावर चालकांची श्वासतपासणी सुरू झाली आणि ती चालू ठेवली गेली. तिथे रस्त्यावरचे मृत्यू सुमारे एकपंचमांशाने घटले आणि ती घट टिकली.

म्हणजे धाक शिक्षेच्या आकड्यात नसतो, पकडले जाण्याच्या खात्रीत असतो. ‘कायद्यामुळे अपघात घटले’ अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला सांगावे: घट कोणत्या वेळच्या अपघातांत झाली? आणि पाच वर्षांनी ती शिल्लक होती का?