बाकाखालची पुस्तके



सातवीच्या वर्गात विज्ञानाच्या पुस्तकाआड दुसरे एखादे पुस्तक उघडलेले असले, की शिक्षकाचे तोंड फळ्याकडे असले तरी त्याला ते कळते. एरवी त्या कोपऱ्यात इतकी शांतता नांदत नाही. गेल्या पावसाळ्यात चिंताकीस माझ्या वर्गात असेच एक पुस्तक सापडले. मुखपृष्ठ गेलेले, पाने पिवळी पडलेली, कोपरे दुमडून दुमडून झिजलेले. आत एक ओसाड वाडा, वाड्यातील विहिरीत वास करणारा एक अमानुष जीव आणि शहरातून आलेला, भुताखेतांवर विश्वास नसलेला एक तरुण डॉक्टर. पुस्तक मी जप्त केले, मुलाला चार शब्द सुनावले आणि त्याच रात्री दीड वाजेपर्यंत ते वाचीत बसलो.

भाषा भयंकर होती. विहिरीतल्या जीवापेक्षाही भयंकर. एकाच पानावर नायकाच्या अंगावर सात वेळा काटा उभा राहत होता. प्रत्येक तिसरे वाक्य ठिपक्यांत विरून जात होते. पहिल्या प्रकरणात विधुर असलेल्या डॉक्टरची पत्नी पाचव्या प्रकरणात त्याला चहा करून देत होती, आणि तीही भूत नव्हती. लेखक विसरला होता, इतकेच. तरीही मी पान उलटीत राहिलो. चाळिशी उलटलेल्या आणि मुलांना शुद्धलेखन शिकविणाऱ्या माणसाने असे का करावे, ह्या प्रश्नाचा माग काढू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा मोह मराठी कादंबरीच्या जन्माइतकाच जुना आहे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. विधवांच्या दुःस्थितीचे ते कळकळीचे चित्र होते. पण त्या वाटेने लगेच फारसे कोणी गेले नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि तिच्या मागोमाग अद्भुताचा पूर लोटला. १८६८ साली ‘मंजुघोषा’ लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणी मांडली आहे. तिचा आशय असा, की आम्हां हिंदू लोकांच्या विवाहादी चालीरीतींमुळे आमच्या रोजच्या आयुष्यात मन वेधून घेण्याजोगे काही घडतच नाही. तेव्हा मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर चमत्काराचाच आश्रय करणे भाग आहे. ही कबुली मला फार महत्त्वाची वाटते. वाचकाला रोजच्या जगण्यातून सुटका हवी आहे, हे त्या काळी इतक्या सरळपणे फार थोड्यांनी सांगितले असेल. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयी निबंध लिहून ह्या असंभाव्य गोष्टींचा समाचार घेतला. म्हणजे मोह आणि त्याची निर्भर्त्सना ही आपल्याकडे जुळी भावंडेच होत.

मात्र ह्या मोहाला खरे खाद्य पुरविले ते एका इंग्रज लेखकाने. जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हे नाव आज विलायतेत अभ्यासकांखेरीज कोणी घेत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिकलेल्या आपल्या तरुणांच्या उशीखाली तोच असे. पॅरिसमध्ये युजीन सू याने १८४२–४३ साली त्या शहराची रहस्ये वर्तमानपत्रातून क्रमशः सांगितली. ते पाहून रेनॉल्ड्सने १८४४ पासून लंडनची रहस्ये सांगावयास घेतली. दर आठवड्यास एक अंक, किंमत एक पेनी. हरिभाऊ आपट्यांसारख्या थोर कादंबरीकारालाही ‘मधली स्थिती’ (१८८५) ह्या आपल्या पहिल्या कादंबरीची कल्पना रेनॉल्ड्सवरूनच सुचली, हे आपण सहसा विसरतो. पुढे ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणाऱ्या हाताने पहिला धडा ह्या पेनीवाल्याकडे गिरविला होता.

ह्याच रेनॉल्ड्सने १८४६–४७ मध्ये वॅग्नर नामक लांडगामानवाची कादंबरी लिहिली. जर्मनीतील अरण्यात एकाकी पडलेला एक म्हातारा तारुण्य आणि संपत्ती ह्यांच्या बदल्यात करार करतो आणि दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी सूर्यास्तास लांडगा होऊन धावत सुटतो. पुढे फ्लॉरेन्स, तुर्कांचे आरमार, निर्जन बेट, धर्मन्यायालय आणि मठाच्या तळघरातील छळघरे. माझ्यासारख्या कॅथलिक वाचकाला त्यातील संन्यासिनी लांडग्याहून अधिक हास्यास्पद वाटतात; पण पुस्तक खाली ठेवण्याइतका राग काही आला नाही. त्याच काळात व्हार्नी नावाच्या रक्तपिपासू पिशाच्चाची कथा लंडनमध्ये १८४५ ते १८४७ पर्यंत चालली होती. तिची प्रकरणे दोनशेहून अधिक आहेत. व्हार्नी पुनःपुन्हा मरतो आणि चंद्रप्रकाश अंगावर पडताच पुनःपुन्हा उठतो. कथा नेमक्या कोणत्या शतकात घडते आहे ह्याचीही लेखकाला खात्री नाही. अखेर बिचारा स्वतःलाच कंटाळून व्हेसूव्हियसच्या ज्वालामुखीत उडी घेतो. खप आहे तोवर पिशाच्चाला मरू द्यावयाचे नाही, हा त्या धंद्याचा कायदा होता. लेखनाचा वाईटपणा पुष्कळसा त्यातूनच आला. पुढच्या आठवड्याचा मजकूर छापखान्याला हवा असताना डॉक्टरची पत्नी जिवंत आहे की नाही, हे मागे वळून पाहण्यास सवड कोणाला?

आणि अपराधी भावना? तिचाही इतिहास आहे. आमच्या चर्चने निषिद्ध पुस्तकांची सूची रोमहून १५५९ साली काढली; ती १९६६ साली रद्द झाली. युजीन सू तीत होता. पण पाद्री आणि टाकाऊ पुस्तके ह्यांचे नाते सूचीहून अधिक गुंतागुंतीचे आहे. सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोते’त (१६०५) नायकाचे डोके फिरविणारी शौर्यकथांची पुस्तके जाळण्यासाठी गावचा पाद्री आणि न्हावी त्याच्या ग्रंथसंग्रहात शिरतात. पाद्री एकेक पुस्तक हातात घेतो आणि त्याचे गुणदोष असे अचूक सांगतो, की त्याने ती सारी वाचली असली पाहिजेत हे उघड होते. काही पुस्तके तर तो आगीतून वाचवितोच. लहानपणी मी एकदा पापनिवेदनात सांगितले, की रात्री चोरून पिशाच्चाचे पुस्तक वाचले. जाळीपलीकडून फादरांनी पुस्तकाचे नाव विचारले, आणि क्षणभर थांबून, वाचून पुरे झाले का, असेही विचारले.

आमच्या बीदरच्या बाजूस ह्या वाचनाला आणखी एक झरा येऊन मिळाला. निजामाच्या राज्यात शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे घरात मराठी बोलणाऱ्या येथल्या कित्येक वडीलधाऱ्या मंडळींनी जादूचे किल्ले आणि अय्यार भेटविले ते उर्दूतील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ ते १८९३ ह्या काळात छापलेला तो हजारो पानांचा पसारा. त्यानंतर १९५२ पासून इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’ने तेच वेड पुढे चालविले. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ वाचावयास मिळावी म्हणून लोक नागरी लिपी शिकले, असे हिंदीवाले अभिमानाने सांगतात. तुळसीदासांचे नाव ते ह्या संदर्भात घेत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. औराद आणि भालकी म्हैसूर राज्यात आले. चिंताकी औराद तालुक्यातले. उदगीरचा बाजार पूर्वीइतकाच जवळ राहिला, पण मध्ये सीमा आली. मराठी आमच्या घरात राहिली, बाहेरच्या पाट्यांवरून मात्र हळूहळू गेली. अशा ठिकाणी मराठी पुस्तक हातात येते ते ग्रंथालयाच्या कपाटातून क्वचितच. ते पाहुण्याच्या पिशवीतून, एसटीच्या प्रवासातून, रद्दीतून येते. आणि रद्दीतून ज्ञानकोश येत नाही. बाबुराव अर्नाळकर येतात.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव (१९०६–१९९६). झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ह्यांना घेऊन त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक (१९३८–२०२१) यांनीही हजाराची मर्यादा ओलांडली. इतक्या वेगाने लिहिणाऱ्याकडून घोटीव वाक्याची अपेक्षा करणे म्हणजे आगगाडीला फुले वेचीत चालावयास सांगणे होय. नारायण धारप (१९२५–२००८) यांची गोष्ट वेगळी. त्यांना ह्या ओळीत बसविणे अन्यायाचे आहे. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेल्या ह्या गृहस्थांनी अमानवी, अनामिक भय मराठी वाड्याच्या माजघरात आणून बसविले. स्टीफन किंगच्या कथाबीजावर त्यांनी ‘लुचाई’ बेतली खरी, पण तिच्यातील धास्ती अस्सल मराठी आहे. ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट गाजला, तेव्हा त्याच्या मुळाशी धारपांची एक कथा आहे, हे कळून अनेकांनी जुन्या पेट्या उघडल्या असतील. वाईट पुस्तकांच्या ढिगाऱ्यात असा एखादा धारप सापडतो. पण ढिगारा उपसल्याशिवाय तो सापडत नाही, आणि उपसणाऱ्याचे हात मळतातच.

आता त्या जप्त केलेल्या पुस्तकाकडे येतो. रात्री दीड वाजता मी शेवटच्या पानाशी पोहोचलो, तेव्हा कळले की शेवटचे पान हे शेवटचे नव्हतेच. पुढली दहाबारा पाने फाटून गेली होती. डॉक्टर दोर बांधून विहिरीत उतरला आहे, खालून कोणी तरी त्याचेच नाव घेत आहे, आणि पुढे नुसता शिवणीचा दोरा. झोप आली नाही, हे कबूल करावयास हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी मुलाला बोलावले. पुस्तक परत दिले आणि शक्य तितक्या कडक आवाजात विचारले, “शेवटी काय होतं रे?”

“पानं पहिल्यापासनंच नाहीत, सर,” तो म्हणाला. “पण मी केलाय शेवट.”

आणि तो सांगू लागला. दोन महिन्यांपूर्वी ‘माझा गाव’ ह्या निबंधात साडेचार ओळी लिहून थांबलेला हा मुलगा. घंटा झाली तरी त्याचा डॉक्टर विहिरीतून वर आला नव्हता. उरलेले लिहून आण, असे मी सांगितले. परवापर्यंत त्याची अकरा पाने झाली आहेत, आणि डॉक्टर अजून खालीच आहे.