शर्करा ते सुक्रालोज : बिनसाखरेच्या गोडीची कुळकथा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे भूगर्भातील पाणी क्षारांनी भरलेले असल्यामुळे विहिरी आणि हापशांचे पाणी जिभेला खारट लागते अशा प्रदेशात, ‘गोड’ या शब्दाचा पहिला अर्थ साखरेचा नसून पाण्याचा आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकाल आणि भोवतालच्या गावांच्या मुलखात, गोडे पाणी म्हणजे पिण्याजोगे पाणी, आणि ते ज्या विहिरीला लागले तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गोडेतेलात साखर नसते, गोड्या मसाल्यातही नसते. गोडी आणि साखर यांची फारकत मराठीने रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे. साखरेवाचून गोडी देणाऱ्या पदार्थांची, म्हणजे कृत्रिम मधुरकांची, आणि त्यांच्यावर पोसलेल्या ‘डाएट’ शीतपेयांची कुळकथा सांगताना ही फारकत ध्यानात ठेवलेली बरी.

या कुळातील पहिल्या पदार्थाचे नाव मात्र साखरेवरूनच पडले. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडा, वाळूचा कण. उसाच्या रसापासून दाणेदार पदार्थ तयार होऊ लागल्यावर तो त्यालाही लागू झाला. प्राकृतातून तो मराठीत ‘साकर’, ‘साखर’ असा आला. पश्चिमेकडे गेला तेव्हा ग्रीक व लॅटिनमध्ये ‘साखारॉन’, ‘साखारुम’ झाला, आणि त्या लॅटिन रूपावरून १८७९ नंतर ‘सॅकरिन’ हे नाव घडवले गेले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांवर काम करणाऱ्या कॉन्स्टँटिन फालबर्ग यांना जेवताना हाताला विलक्षण गोडी जाणवली, आणि साखरेच्या सुमारे तीनशे ते चारशे पट गोड असलेला, पण उष्मांक न देणारा हा पदार्थ सापडला. पुढे फालबर्ग यांनी पेटंट घेऊन जर्मनीत माग्देबुर्गजवळ कारखाना काढला आणि रेमसन यांच्याशी त्यांचे कायमचे बिनसले.

सॅकरिनचा पहिला उपयोग मधुमेहींसाठी, म्हणजे औषधाच्या कपाटातला होता, दुसरा काटकसरीचा. साखर परवडत नाही तिथे सॅकरिनची चिमूट पुरते, ही गोष्ट बीट-साखरेच्या कारखानदारांना इतकी झोंबली की १९०२ मध्ये जर्मनीत त्याची विक्री कायद्याने औषधालयांपुरती मर्यादित झाली, आणि स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात सुरू झाली. या पदार्थाविषयीचा पहिला मोठा कायदेशीर संघर्ष आरोग्यापेक्षा साखरेच्या भावाशी निगडित होता, हे नंतरच्या वादांत सहसा आठवले जात नाही. साखर कारखानदारीवर राजकारण उभे राहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ते सांगण्याची फारशी गरज नसावी.

तिसरी शाखा, म्हणजे सडपातळ राहण्यासाठी प्यायचे शीतपेय, बरीच उशिरा फुटली. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा यांना सिगारेट ओढता ओढता ओठाला लागलेल्या गोडीतून सायक्लामेट सापडले. ते सॅकरिनमध्ये मिसळले की सॅकरिनची कडवट मागचव झाकली जाते. ब्रुकलिनमधील हायमन कर्श यांनी १९५२ मध्ये बाजारात आणलेले ‘नो-कॅल’ हे सायक्लामेटवर गोड केलेले पेय मुळात मधुमेही रुग्णांसाठी होते, परंतु गिऱ्हाइकांत निरोगी स्त्रियांची संख्या मोठी निघाली, आणि १९६३ मध्ये कोका-कोला कंपनीने ‘टॅब’ आणले तेव्हा त्याचा रोख सरळ कमरेच्या घेराकडे होता. जो पदार्थ रुग्णाने तोलून घ्यायचा, तो निरोगी माणसाने तहानेपोटी प्यायचा ठरला, आणि सुरक्षिततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला.

अमेरिकेत १९५८ च्या डिलेनी कलमानुसार ज्या पदार्थाने प्राण्यांत कर्करोग होतो तो खाद्यपदार्थांत मिसळण्यास मनाई होती, मात्रा कितीही असो. १९६९ मध्ये सायक्लामेट-सॅकरिनचे मिश्रण मोठ्या मात्रेत दिलेल्या २४० उंदरांपैकी ८ उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि सायक्लामेटवर बंदी आली. युरोपात ते आजही चालते. १९७७ मध्ये कॅनडातील प्रयोगांवरून सॅकरिनवरही तीच पाळी आली, पण मधुमेहींच्या आणि ग्राहकांच्या ओरडीमुळे बंदी स्थगित होऊन वेष्टनावर इशारा छापण्यावर निभावले. पुढे कळले ते असे की नर उंदराच्या मूत्रातील प्रथिने, खनिजे आणि अल्कतेच्या विशिष्ट मेळामुळे सॅकरिनच्या मोठ्या मात्रेनंतर त्यात कॅल्शियम फॉस्फेटयुक्त कण बनतात, ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात आणि अस्तर पुनःपुन्हा वाढण्यातून गाठ होते. माणसाच्या मूत्रात हा मेळ जमत नाही, म्हणून २००० मध्ये इशारा काढून टाकण्यात आला. आयुर्वेदाच्या संहितांत मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही ‘शर्करा’च म्हटले आहे, सॅकरिनवरचा आरोप असा फिरून आपल्या नावाच्या मूळ अर्थापाशी, खड्यापाशी, येऊन ठेपला होता.

या कुळात एक मराठी नाव येते, आणि तेही अपघातानेच. १९७० च्या दशकात लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ हे टेट अँड लाइल या साखर कंपनीच्या सहकार्याने साखरेचे औद्योगिक उपयोग शोधत होते, आणि त्यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून निरनिराळी संयुगे तयार करीत होते. एका संयुगाची ‘टेस्ट’ म्हणजे चाचणी घ्या, ही सूचना फडणीस यांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव घ्या अशी ऐकली, अशी कथा प्रसिद्ध आहे. देवनागरीत लिहिताना दोन्ही शब्द एकच होतात, तेव्हा मराठी वाचकाला हा घोटाळा इंग्रजापेक्षा अधिक क्षम्य वाटेल. क्लोरीनयुक्त अनोळखी संयुग जिभेवर ठेवणे हे धाडस खरेच, पण ते गोड निघाले, आणि ‘नेचर’ या नियतकालिकात १९७६ मध्ये साखरेची गोडी वाढवण्याविषयी हफ आणि फडणीस यांचा लेख आला. याच संशोधनातून निघालेल्या सुक्रालोज या पदार्थात साखरेच्या रेणूतील आठ हायड्रॉक्सिल गटांपैकी, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांपैकी, तीन जागी क्लोरीन बसलेले असते. गोडी सुमारे सहाशे पट होते, परंतु शरीरातील विकरांना हा बदललेला रेणू तोडता येत नाही आणि त्याचा बहुतांश भाग जसाच्या तसा बाहेर पडतो. कॅनडाने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९८ मध्ये त्याला परवानगी दिली. फडणीस हे आडनाव ‘फर्दनवीस’ या हिशेबनिसाच्या हुद्द्यावरून आले. उष्मांकांचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या युगात ते शोभूनही दिसते.

डाएट पेयांचे आजचे भांडण मुख्यतः १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर यांना सापडलेल्या अस्पार्टेमभोवती फिरते. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कदाचित कर्ककारक’ अशा २ब गटात घातले, ज्या गटात पारंपरिक आशियाई लोणचीही आहेत. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे परिमाण नव्हे. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांची तपासणी करणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, आणि ७० किलोच्या माणसाला ती ओलांडण्यासाठी दिवसाला नऊ ते चौदा कॅनपेक्षा जास्त प्यावे लागतील असा हिशेब मांडला गेला. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम टाळलेच पाहिजे. कर्करोगाच्या गोंगाटात मे २०२३ ची जागतिक आरोग्य संघटनेची सूचना झाकली गेली, जी अधिक महत्त्वाची होती: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मधुरकांवर विसंबू नये, कारण दीर्घकालीन लाभ दिसत नाही. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नव्हती. त्यांच्याविषयी चेन्नईत झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत चहा-कॉफीतील साखरेऐवजी सुक्रालोज घेणाऱ्यांचे वजन आणि कमरेचा घेर किंचित उतरला, रक्तशर्करेत लक्षणीय फरक पडला नाही. चार चमचे साखर वाचवणारा दिवसभराचे बाकीचे जेवण तेच ठेवतो, तेव्हा यापलीकडे काय अपेक्षावे?

वरवट बकालच्या नावातील ‘बकाल’ हा मूळ अरबी शब्द मराठी कोशांत किराणा, धान्य वा भाजी विकणारा या अर्थाने येतो, आणि या वादाची ग्रामीण बाजू बकालाच्याच दुकानात पाहावी लागते. तिथे डाएट पेयाचा कॅन हे अपवादात्मक गिऱ्हाइकाचे मागणे. मधुरक येते ते मधुमेहीच्या गोळ्यांच्या डबीतून, आणि त्याहून जुन्या वाटेने, सुगंधी सुपारीच्या पुडीतून. भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत सॅकरिनची कमाल मर्यादा शीतपेयांत दहा लाख भागांत १०० भाग होती, सुपारीत ४,००० आणि पानमसाल्यात ८,०००. पुडीत माल कमी आणि बाटलीत पेय जास्त असते हे खरे, म्हणून या आकड्यांची नुसती तुलना फसवी ठरेल. तरीही सडपातळांच्या कॅनवर जगभर जेवढी शाई सांडली, तेवढी काटकसरीच्या शाखेवर सांडली नाही, आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा-पानमसाल्यावर बंदी आली ती तंबाखू आणि सुपारीमुळे, सॅकरिनमुळे नव्हे.

सुक्रालोज शरीरात पचत नाही, तसेच सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतील जिवाणूंनाही ते फारसे पचत नाही, म्हणून नद्यांत आणि भूजलात ते टिकून राहते. जलशास्त्रज्ञ या दोषाचा उपयोग करून घेतात: विहिरीच्या पाण्यात सुक्रालोज किंवा अ‍ॅसेसल्फेम हे दुसरे मधुरक सापडले की माणसांच्या वस्तीचे सांडपाणी तिथवर झिरपले आहे, असे ते अनुमान काढतात. रसायनाच्या भाषेत गोडे निघालेले असे पाणी खारपाण पट्ट्यातील बोलीत गोडे ठरणार नाही.