दिवाणखान्यातला समुद्र

इतिहास म्हटला की आपल्याला स्वाऱ्या, तह आणि बखरी आठवतात. आज आम्ही एका काचेच्या पेटीचा आणि तीत कोंडलेल्या एका माशाचा इतिहास सांगणार आहोत. इंग्रजीत या माशाला ‘सर्जनफिश’ म्हणतात; आपण शस्त्रवैद्य मासा म्हणू. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस त्याला नस्तरासारखे धारदार काटे असतात. भांडण जुंपले की शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी तो दुसऱ्याचे अंग चिरतो. टाके घालण्याची विद्या मात्र त्याला नाही!

समुद्र घरात राखण्याची हौस फार जुनी नव्हे. 1832 साली सिसिलीत राहणाऱ्या जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीने सागरी जीव न्याहाळण्यासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. 1846 साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी प्रवाळ लंडनला आणून जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. नाव मालकिणीचे झाले, हात मोलकरणीचे दुखले. इतिहासात असे पुष्कळदा घडते. 1845 साली इंग्लंडात काचेवरील कर उठला, 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. मग काय विचारता! हौशी मंडळी बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटली आणि खडकांतली डबकी ओरबाडून निघाली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी 1907 साली आपल्या आठवणींत याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. वाटाड्याचे काम त्यांच्या वडिलांच्याच पुस्तकाने केले होते.

हे सारे थंड समुद्रांतले जीव. उष्ण कटिबंधातले प्रवाळ आणि त्यांच्या संगतीतले रंगीत मासे घरात टिकेनात, कारण काचपेटीत घाण कोठे जाणार? माशांच्या उत्सर्गातून अमोनिया होतो आणि तो त्यांनाच मारतो. या कोड्याचे एक उत्तर जाकार्त्यात मिळाले. ली चिन एंग या गृहस्थांनी 1961 साली एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली. समुद्रातले जिवंत खडक, ताजे समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, बस्स! खडकाच्या छिद्राछिद्रांत राहणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचे रूपांतर कमी विषारी द्रव्यांत करतात; म्हणजे सफाईचे खाते त्यांच्याकडे. पुढे बर्लिन आणि आसपासच्या हौशी मंडळींनी याच रीतीला प्रखर दिव्यांची आणि पाण्यातली घाण फेसावर चढवून काढून घेणाऱ्या यंत्राची जोड दिली. समुद्रापासून शेकडो मैल दूर प्रवाळ वाढू लागले.

येथे आमचा शस्त्रवैद्य रंगभूमीवर येतो. प्रखर दिवा लावला की शेवाळ माजते आणि प्रवाळांना गुदमरवते. हा मासा दिवसभर शेवाळ खुडतो. प्रवाळांच्या बागेत त्याच्यासारखा माळी नाही. पण या माळ्याला हवे मोकळे रान. समुद्रात चरत हिंडणारा प्राणी चार हातांच्या पेटीत येरझाऱ्या घालू लागतो, स्वजातीयांवर काटा उगारतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन जडतो. त्या रोगावर तांब्याचे औषध चालते; परंतु त्याच तांब्याने प्रवाळ मरतात. म्हणून जाणते लोक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवतात. घाई करणाऱ्याला मासा तरी गमवावा लागतो, नाहीतर बाग.

बरे, हे मासे येत कोठून? हवाईचा पिवळा शस्त्रवैद्य घ्या. तो रानात चाळीस वर्षेही जगतो. हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून मत्स्यालयांसाठी जो माल पकडला जाई, त्यात सिंहाचा वाटा याचा. किनाऱ्यावरच्या लोकांचा आणि पकडणाऱ्यांचा तंटा विकोपास गेला. 1998 च्या कायद्याने त्या किनाऱ्याचा निदान तीस टक्के भाग या धंद्याला बंद करण्याचे ठरले, आणि 1999 च्या अखेरीस बंदी अमलात आली. बंद भागांत मासे वाढले. 2017 साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की पर्यावरणावरील परिणाम तपासल्याविना परवाने देता येणार नाहीत. पकडणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न होताच, आम्ही तो हलका लेखत नाही. पण समुद्राचा हिशेब मागणे भाग होते.

मग घरीच पैदास का करू नये? सांगणे सोपे. याची पिले इतकी बारीक की नेहमीचे खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही, आणि किनारा धरण्यापूर्वी ती कित्येक आठवडे उघड्या पाण्यात तरंगतात. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खपून 2015 साली पिवळ्याची पिले वाढवली. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात निळ्या शस्त्रवैद्याचीही पिले वाढली. ‘फाइंडिंग निमो’ या 2003 च्या चित्रपटातली विसराळू डोरी ती हीच.

आपल्याकडे मुंबईस 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि तेथे काचेला नाक लावून उभे राहिलेले आपल्यापैकी कितीतरी असतील. घरी असा संसार थाटण्याची इच्छा झाल्यास एक गोष्ट आधी ऐकून ठेवा. लक्षद्वीपच्या, अंदमानच्या किंवा मालवणच्या समुद्रातले दगडी प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंक्तीला. त्याचा तुकडा खिशात घालून आणणाऱ्याने आपण वाघ मारला आहे असे समजावे.