परक्या मांडवातील टाळी

ऋतू पाहून लोकांनी एकत्र जमावे आणि काही ऐकावे, ही रीत आपल्याला नवी नाही. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज आपण जिथे बसलो आहोत ती बैठकही त्याच रीतीची. आपल्याकडे हंगाम वसंताचा आणि विषय विचाराचा. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, र्‍होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या गावी, हंगाम उन्हाळ्याचा आणि विषय गाण्याचा. त्या गाण्याच्या हंगामाची हकिगत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. ती ठेवण्याचे कारण मात्र केवळ गाणे नव्हे. जो गातो त्याची किंमत कोण ठरवितो, आणि ती किंमत त्याच्या घरापर्यंत पोहोचते की नाही, हा तिच्या पोटातला प्रश्न आहे.

न्यूपोर्ट हे धनिकांच्या उन्हाळी महालांचे गाव. जॉर्ज वीन या संगीत-संयोजकाने तेथे १९५४ साली जॅझ संगीताचा महोत्सव सुरू केला आणि १९५९ च्या जुलैत त्याच्या जोडीला लोकसंगीताचा महोत्सव उभा केला. या दुसऱ्या मांडवात दोन जातीचे गायक एकत्र आले. एक शहरातील तरुण मंडळी. हातात गिटार घेऊन स्वतःच गीत रचणारी, स्वतःच गाणारी, किंवा जुनी गीते नव्या गळ्याने म्हणणारी. जोन बाएझ ही अठरा वर्षांची मुलगी याच पहिल्या वर्षी, कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना, पाहुणी म्हणून उभी राहिली आणि लोकांच्या मनात भरली. दुसरी जात डोंगरदऱ्यांतील, कापसाच्या शेतांतील आणि दलदलीच्या मुलखांतील गायकांची. त्यांनी गाणे बापाकडून किंवा शेजाऱ्याकडून उचललेले असे. शहरातील मुले ज्या विहिरीचे पाणी पीत होती, ती विहीर या मंडळींच्या अंगणातली होती.

१९६० च्या जुलैत जॅझ महोत्सवाबाहेर मद्यधुंद जमावाने दंगा केला, आणि पुढची दोन वर्षे लोकसंगीताचा मांडव पडलाच नाही. १९६३ साली तो पुन्हा उभा राहिला, तो वेगळ्या घटनेवर. वीन, गायक पीट सीगर, त्यांच्या पत्नी तोशी सीगर, नट व गायक थिओडोर बिकेल आदी मंडळींनी नफा न घेणारी एक संस्था स्थापन केली. तिच्या कारभारी मंडळात गायकच बसविले. त्यांनी ठरविलेला नियम असा : नामवंत असो की अनोळखी, प्रत्येक कलावंताला मानधन ५० डॉलर, वर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च.

या साध्या नियमात मोठे अर्थशास्त्र दडलेले आहे. तिकिटे खपत ती नामवंतांच्या नावावर. नामवंतांनी आपली बिदागी सोडली म्हणून शिल्लक उरे. त्या शिलकेतून खेड्यापाड्यांतील गायकांना बोलावता येई, त्यांचा शोध घेण्यासाठी माणसे पाठविता येत आणि त्यांच्या गावी गाणे टिकावे म्हणून मदत देता येई. ज्याने विहिरीचे पाणी विकून नाव मिळविले, त्याने विहिरीच्या बांधकामाला हात लावावा, असाच तो न्याय होता.

त्याच १९६३ च्या मांडवात मिसिसिपी जॉन हर्ट हा सत्तरीचा काळा गायक आला. १९२८ साली त्याच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. पुढे मंदीचे दिवस आले, कंपनीने पुन्हा बोलावले नाही आणि तो शेतावर राबत राहिला. पस्तीस वर्षांनी एका तरुण संग्राहकाने त्याच्या एका गीतात आलेल्या अॅव्हलॉन या गावाचे नाव धरून त्याला शोधून काढले. हर्ट न्यूपोर्टला गायला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि १९६६ साली तो वारला. मुद्रिकांवरील त्याचे गाणे इतकी वर्षे रसिकांनी जपले होते. माणूस मात्र जिवंत असून हरवला होता. गाणे जपणे आणि गाणाऱ्याला जपणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे इथे स्पष्ट दिसते.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. लुइझियाना राज्यात केजन नावाचा फ्रेंच बोलणारा समाज आहे. त्यांच्या पूर्वजांना इंग्रज सत्तेने १७५५ पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकावले, आणि त्यांतील बरेच जण फिरत फिरत लुइझियानात स्थिरावले. १९२१ च्या राज्यघटनेने तेथील शाळांतून फक्त इंग्रजी ठेवले. वर्गात फ्रेंच शब्द उच्चारला तर मुलांना शिक्षा होई. घरची भाषा ही लाजेची गोष्ट झाली, आणि त्या भाषेतील फिडल-अॅकॉर्डियनचे गाणेही शिकलेल्या लोकांच्या लेखी गावंढळ ठरले.

१९६४ साली न्यूपोर्टच्या संस्थेचा प्रतिनिधी राल्फ रिन्झलर याने या समाजातील वादकांना आमंत्रण दिले. ऐन वेळी एक जागा रिकामी झाली, म्हणून ड्यूई बाल्फा हा सदतीस वर्षांचा गृहस्थ गिटार घेऊन निघाला. तो एका बटाईदाराचा मुलगा. बाप फिडल वाजवी आणि भावंडेही वाजवीत. त्याने त्यापूर्वी फार तर दोनशे माणसांपुढे वाजविले होते. असले संगीत बाहेर नेले तर हसे होईल, असे सांगणारे त्याच्याच मुलखातले जाणते लोक होते. न्यूपोर्टला सुमारे १७,००० श्रोते होते. वाजविणे संपले तेव्हा सारा मांडव उभा राहिला आणि टाळ्या थांबेनात.

बाल्फाने या टाळीचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याला ती टाळी पुरली नाही. तिचा प्रतिध्वनी आपल्या घरी नेला पाहिजे, असे त्याने मनाशी धरले. न्यूपोर्टच्या संस्थेनेही हात आखडता घेतला नाही. लुइझियानातील स्थानिक जत्रांत जुन्या वादनाच्या स्पर्धा ठेवून त्यांना बक्षिसे देण्यास तिने पैसा पुरविला. १९६७ साली बाल्फा आपल्या भावांसह पुन्हा न्यूपोर्टला गेला. १९६८ साली राज्याने फ्रेंच भाषेच्या संवर्धनासाठी मंडळ नेमले. आणि २६ मार्च १९७४ रोजी लाफायेट शहरात केजन संगीताला मानवंदना देणारी मोठी मैफल झाली. आजवर हे संगीत नाचघरात, गप्पांच्या गलक्यात वाजत आले होते. त्या संध्याकाळी हजारो माणसे खुर्च्यांवर बसून आपलेच गाणे ऐकत होती. दहा वर्षांपूर्वीची टाळी अशी घरी पोहोचली. त्या मैफलीतून वार्षिक उत्सव निघाला आणि तो आजही भरतो. १९७९ साली मोटार-अपघातात दोन भाऊ गमावूनही बाल्फा शाळाशाळांतून मुलांपुढे वाजवीत राहिला. १९८२ साली परंपरागत कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान प्रथमच दिला गेला, त्या पहिल्या मानकऱ्यांत तो होता. १९९२ साली तो वारला.

न्यूपोर्टचे नाव निघाले की बहुतेक इतिहास २५ जुलै १९६५ च्या रात्रीकडे धावतो. त्या रात्री बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतील काहींनी हुर्यो केली. त्यावर पुस्तके झाली, २०२४ साली चित्रपटही आला. आम्ही एवढेच म्हणू की, आदल्या वर्षी बाल्फाला उचलून धरणारा आणि त्या रात्री डिलनवर ओरडणारा श्रोता एकाच घडणीचा होता. जुन्यावरचे त्याचे प्रेम खरे होते. पण जुने कोणते आणि शुद्ध कोणते, हे आपणच ठरवू असा त्याचा आग्रहही होता. खुद्द लुइझियानातील नाचघरांत तेव्हा विजेची वाद्ये वाजतच होती. न्यूपोर्टला हवी होती त्याआधीची चाल. तेव्हा शहरी रसिकाची निवड ही गावाची निवड असेलच, असे धरून चालता येत नाही. बाल्फाचे मोठेपण हेच की त्याने निवड न्यूपोर्टवर सोडली नाही. तो प्रश्न तो आपल्या लोकांपुढे घेऊन गेला.

मांडवाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९६९ नंतर लोकसंगीताचा महोत्सव बंद पडला, १९८५ साली पुन्हा सुरू झाला आणि आजही उन्हाळ्यात भरतो. रिन्झलरने १९६७ पासून राजधानी वॉशिंग्टनमध्ये लोकजीवनाचा उन्हाळी उत्सव उभारण्यात पुढाकार घेतला.

आपल्याकडे शाळिग्राम आणि अॅकवर्थ यांनी ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ साली प्रसिद्ध केले, आणि महाराष्ट्रावर मोठे उपकार केले. शाहीर म्हणजे तरी कोण? स्वतः रचणारा आणि स्वतःच डफावर थाप मारून गाणारा तो आपला कवी. त्याचे शब्द ग्रंथात सुरक्षित राहिले, आणि त्यांचा मान ठेवणारे आपण पुष्कळ आहोत. पण शहरातल्या मंचावर गोंधळी, वासुदेव किंवा शाहीर आला की आपण टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. तोही घरी जातो. त्याच्या गावच्या शाळेत, त्याच्या मुलांच्या डोळ्यांत त्या टाळीने काही बदलले का, हे विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. न्यूपोर्टच्या मंडळींनी ५० डॉलरांचा नियम केला तेव्हा त्यांना हा प्रश्न सुचला होता. उद्या आपल्या मांडवात असा पाहुणा येईल, तेव्हा त्याला हार घालताना आपणही तो स्वतःला विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.