खो मिळेल म्हणून जागी असलेली मुलगी

आज बोलू या शाळेतल्या खेळाच्या तासाबद्दल.

इंग्रज अमदानीत शाळेत व्यायाम म्हणजे मुख्यतः कवायत. रांगेत उभं राहायचं, हुकूम आला की हात वर, हात खाली. आपले देशी खेळ गल्लीत आणि आखाड्यात होतेच. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले आणि या खेळाला शाळेत शिरायची वाट मिळाली.

खो-खो मुलींना इतका का आवडला? खर्च नाही: दोन खांब आणि फक्कीच्या रेषा. पण खरं कारण नियमातच आहे. मधल्या पाटीवर आठ जणी एकआड एक उलट्या तोंडाने बसतात, नववी पाठलाग करते. पाठीमागून खो कधी मिळेल ते सांगता येत नाही. म्हणून बसलेलीसुद्धा सावध असते. कवायतीत मागच्या रांगेतली मुलगी हरवते, खो-खोत तिच्यावाचून डाव चालत नाही.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खोच खेळायची. 2016 साली ती रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. धाराशिवच्या सारिका काळे हिला खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

तरी आठवी-नववीत पोरी मैदानाच्या कडेला जाऊन बसतात. आवड संपते म्हणून नाही. पाळीच्या दिवसांत शाळेत सोय नसते, घरी पाण्याची आणि भांड्यांची कामं वाट बघतात, आणि "आता मोठी झालीस" हे आपणच म्हणतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या शाळेला मैदान, खेळाचं साहित्य आणि मुलींचं स्वतंत्र स्वच्छतागृह ठरवून दिलं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न लिहून घेऊ या: खेळाचा तास खरोखर होतो का? त्यात मुली किती खेळतात? ज्या बसतात, त्या का बसतात? तिसऱ्याचं उत्तर मुलींनाच विचारू या. आणि शाळेकडे बोट दाखवण्याआधी संध्याकाळची भांडी कोण घासतं, तेही आपल्या घरात पाहू या.