स्नॅप परीक्षा : इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

मुळशी तालुक्यातील लवळे येथे संकुल असलेल्या सिम्बायोसिस अभिमत विद्यापीठाच्या एमबीए प्रवेशासाठी स्नॅप ही परीक्षा घेतली जाते. तिच्यात ६० मिनिटांत ६० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी १५ इंग्रजीचे. प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो, त्यामुळे अर्धवट माहीत असलेला शब्द महागात पडतो. उदाहरणार्थ, ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, तर कुप्रसिद्ध. नुसत्या याद्या पाठ करून असे फरक लक्षात राहत नाहीत. नवा शब्द वाक्यासह वहीत लिहावा, शेजारी समानार्थी व विरुद्धार्थी शब्द नोंदवावेत. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करावी. उजळणीत अर्थ झाकून आधी स्वतः आठवावा. नुसते वाचण्यापेक्षा तो अधिक पक्का होतो.